‘टियर वन’ नेमकं कोणासाठी?

मंडळी, गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मामांनी गच्चीवरच्या सोलरची तीन कोटेशनं माझ्यापुढे ठेवली. तिन्हींवर ठळक अक्षरांत एकच शब्द होता, ‘टियर वन’. मामा म्हणाले, ‘तिन्ही एक नंबरचीच आहेत ना, मग स्वस्तातलं घेतो.’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी असाच हिशेब केला असेल, म्हणून सुरुवात या शब्दापासूनच करतो.

टियर वनची यादी ब्लूमबर्ग एनईएफ ही ऊर्जाक्षेत्राचा आर्थिक अभ्यास करणारी संस्था काढते. त्यासाठी कुणी पॅनेल प्रयोगशाळेत नेत नाही. कंपनीने स्वतः बनवलेली, स्वतःच्या नावाची पॅनेलं मोठ्या प्रकल्पांना दिली आहेत का, आणि त्या प्रकल्पांना वेगवेगळ्या बँकांनी नॉन-रिकोर्स कर्ज दिलं आहे का, हे पाहिलं जातं. कर्ज थकलं तर बँकेला फक्त त्या प्रकल्पावर हक्क सांगता येतो, मालकाच्या बाकीच्या मालमत्तेवर नाही, असं हे कर्ज. म्हणजे ही यादी सावकाराच्या विश्वासाची आहे. ती गुणवत्तेचं माप म्हणून वापरू नका, असं यादी काढणारेच सांगतात. कोटेशन देणारे मात्र ते वाक्य गाळतात, आणि याचा मला मनापासून राग येतो.

बरं, कंपनी मोठी असली की ती टिकते, असंही नाही. चीनची सनटेक २०११च्या सुमारास जगात आघाडीवर होती. मार्च २०१३ मध्ये तिची मुख्य उत्पादक कंपनी दिवाळखोरीत गेली. २०१७ मध्ये जर्मनीच्या सोलरवर्ल्डवर तीच वेळ आली. पंचवीस वर्षांची वॉरंटी वाचताना हे आठवावं.

आपल्याकडे आणखी एक यादी आहे, केंद्र सरकारची एएलएमएम, म्हणजे मान्यता मिळालेल्या मॉडेलांची आणि उत्पादकांची यादी. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला मिळणारं ७८,००० रुपयांचं अनुदान हवं असेल, तर पॅनेल या यादीतलं लागतं आणि त्यातले सेल, म्हणजे उन्हापासून वीज करणारे तुकडे, तेही भारतात बनलेले लागतात. ती अट आहे, तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो.

मग पॅनेलची खरी परीक्षा कुठे होते? आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या प्रमाणपत्रासाठी पॅनेल उणे ४० ते ८५ अंशांमध्ये २०० वेळा थंड-गरम करतात आणि ८५ अंश तापमानात, ८५ टक्के दमटपणात १,००० तास ठेवतात. ही झाली पास होण्याची परीक्षा. किवा पीव्हीईएल ही प्रयोगशाळा थंड-गरमाची ६०० आवर्तनं करते, दमट उष्णतेत २,००० तास ठेवते, आणि ज्यांचा कस फारसा उतरत नाही त्यांची नावं दरवर्षी जाहीर करते. कंपन्या तिथे स्वखुशीने जातात, त्यामुळे एखादं नाव नसलं म्हणजे माल वाईट, असं समजू नका.

आणि नाव असलं तरी एक मेख आहे. एकाच मॉडेलमध्ये काच, मागची शीट, सेल चिकटवणारा थर, जंक्शन बॉक्स वेगवेगळ्या पुरवठादारांचे असू शकतात. परीक्षा दिली एका जोडणीने आणि तुमच्या गच्चीवर आली दुसरी, असं होतं. म्हणून विचारायचं, ‘आम्हाला देताय ते पॅनेल तपासलेल्याच सामानाचं आहे का? लिहून द्या.’

आता लेबलवरचा आकडा पाहू. ५४० वॅट. हा आकडा सेलचं तापमान २५ अंश धरून काढलेला असतो. अकोल्यात मे महिन्यात सेल २५ अंशांवर? दुपारी बाहेर ४४ असताना काचेखालचा सेल ६५च्या घरात जातो. डेटाशीटमध्ये ‘टेम्परेचर कोएफिशंट’ नावाची एक ओळ असते, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. तिथे उणे ०.३५ लिहिलं असेल, तर दर अंशाला तेवढे टक्के वजा. चाळीस अंश चढले म्हणजे चौदा टक्के गेले, भर उन्हात ५४०चे उरले साधारण ४६४. टॉपकॉन या नव्या प्रकारच्या सेलमध्ये हा आकडा उणे ०.२९च्या आसपास असतो, तिथे ४७७ उरतात. सहा पॅनेलांमागे जवळजवळ ऐंशी वॅटचा फरक, तोही ऐन उन्हात. आपल्या विदर्भासाठी मी टियरच्या आधी ही ओळ वाचतो. रत्नागिरी-मालवणच्या लोकांनी त्यासोबत खाऱ्या हवेची चाचणी, म्हणजे आयईसी ६१७०१, झाली आहे का ते बघावं.

वॉरंटी दोन असतात. पॅनेलमध्ये दोष निघाला तर भरून देण्याची बहुधा बारा वर्षांची, आणि वीजनिर्मितीची पंचवीस किंवा तीस वर्षांची. जाहिरातीत दुसरीच दिसते. पहिल्या वर्षी दोन टक्के आणि मग दरवर्षी ०.५५ टक्के घट धरली, तर पंचवीस वर्षांनी ८४.८ टक्के क्षमता उरायला हवी. ती उरली नाही हे सिद्ध कोण करणार? पॅनेल उतरवायचा, पाठवायचा, पुन्हा बसवायचा खर्च कोणाचा? हे सही करण्याआधी विचारा.

मामांनी हे सगळं तिन्ही इन्स्टॉलरांना विचारलं. एकाने फोन उचलणं सोडलं. दुसऱ्याने ‘टियर वन आहे साहेब’ एवढंच पुन्हा सांगितलं. तिसऱ्याने डेटाशीट, चाचणीचे कागद आणि प्रत्येक पॅनेलचा सिरियल नंबर टाकलेला कारखान्यातला फ्लॅश टेस्टचा, म्हणजे प्रखर प्रकाशझोतात मोजलेल्या वॅटचा, रिपोर्ट आणून दिला. माल आला त्या दिवशी मामा चष्मा लावून गच्चीवर बसले आणि सहाही नंबर जुळल्यावरच त्यांनी वायरमनला वर बोलावलं.