जिथे डोळ्याला बरं वाटलं, तिथेच

नमस्कार, श्रोतेहो. फोटो धूसर आला की 'हात हलला वाटतं' म्हणत आपण तो काढून टाकतो. आज मुद्दाम धूसर ठेवलेल्या फोटोंविषयी बोलायचं आहे. मुद्दाम, बरं का.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म 1815चा, कलकत्त्याचा. पुढे इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर राहत होत्या. मुलं मोठी झालेली, नवरा सिलोनला कॉफीच्या मळ्यांवर. डिसेंबर 1863 मध्ये, वयाच्या 48व्या वर्षी, लेक-जावयाने त्यांना कॅमेरा दिला, एकटीला तेवढाच विरंगुळा म्हणून. बाईंनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली. कोंबड्या सोडून दिल्या आणि त्यांच्या काचेच्या खुराड्यात स्टुडिओ थाटला!

तेव्हा फिल्म नव्हती. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि ओली आहे तोवरच धुवायचा. पहिला फोटो एका शेतकऱ्याचा. बाईंचा हात ओल्या काचेवरून फिरला, फोटो गेला. मग दोन मुलांना बसवलं. काच उघडी, पोरं निश्चल, आणि एकाला हसू फुटलं. तोही गेला. (आपण लहान मुलांना 'हस रे, हस' म्हणून छळतो ना, ते मला मुळीच पटत नाही. मुलाचा चेहरा गप्प असतानाच खरा दिसतो.)

शेवटी जानेवारी 1864 मध्ये ॲनी नावाच्या मुलीला एकटीला बसवलं. रसायनं किती वाया गेली, मेहनत किती झाली, हे तिला कळवळून सांगितलं. पोर हलली नाही. फोटो आला! बाई आनंदाने घरभर धावल्या, ॲनीला द्यायला भेटवस्तू शोधत. हा फोटो जणू तिनेच काढला, असं त्यांना वाटलं. त्याच दिवशी तो छापला, चौकटीत बसवला आणि तिच्या वडिलांना दिला.

आता मुद्दा. भिंगाचा स्क्रू फिरवता फिरवता जिथे डोळ्याला सुंदर दिसे, तिथेच बाई थांबत. बाकीचे फोटोग्राफर आणखी फिरवून रेघ न् रेघ स्पष्ट करत. बाई थांबत. फोटोग्राफीच्या जाणत्यांनी डागांवरून, धूसरपणावरून त्यांना झोडपलं. बाईंचा सवाल एवढाच होता, की योग्य फोकस कुठला हे ठरवायचा हक्क कोणाला?

तीसेक वर्षांनी हीच वाट पुष्कळांनी धरली. 1892 मध्ये लंडनला आणि 1902 मध्ये न्यूयॉर्कला अशा फोटोग्राफरांची मंडळं निघाली. पॅरिसचे रोबेर दमाशी तर डिंक वापरत. लाडवात घालतो तसलाच डिंक. त्यात रंग आणि बायक्रोमेट नावाचं रसायन मिसळून कागदाला लावायचं. ऊन लागेल तिथला डिंक घट्ट होतो, बाकीचा पाण्याने सुटतो. तो सुटताना ब्रशने हवा तेवढाच काढायचा. माझ्या मते ही चित्रकलेची नक्कल नव्हे, हाताचं कसब आहे.

ॲनीचा तो फोटो कुठे बघायला मिळाला तर सावकाश बघा. विस्कटलेले केस, बंद कोटाची मोठी बटणं, आणि कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला लागलेली नजर. ती हसत नाहीये.

नमस्कार.