उधाणावर जगणारी डबकी

धरमतरच्या खाडीकाठी, पेण-अलिबागच्या खारेपाटात, तिवरांच्या मागे हा मोकळा चिखल, म्हणजे खाजण, पसरलाय. डास होतात म्हणून ते बुजवावं, असं म्हटलं जातं. रोजची भरती इथवर चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण येतं, खळगे भरतं आणि माघारी जातं. मधल्या दिवसांत या पाण्यावर नुसतं ऊन.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. एप्रिल-मेमध्ये डबकी आटत जातात तसा इथला खारेपणा त्याच्याही वर चढतो. काठावरचा हा पांढरा थर मिठाचाच.

आणि त्या पाण्यात हा किडा. लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर, मागचे पाय वल्ह्यांसारखे. पोटाखाली चमकतेय ती त्याने वरून आणलेली हवा. पाण्यातला ऑक्सिजन त्या हवेत झिरपत राहतो, म्हणून त्याला बराच वेळ खाली राहता येतं. पण तापलेल्या, खारट पाण्यात ऑक्सिजन कमीच मावतो. भर दुपारी तो किती वेळा वर येतोय, पाहा. अगदीच सोसवेना झालं की पंख उघडून दुसरं डबकं गाठतो.

अळ्यांना ती सोय नाही. तळाच्या शेवाळात वळवळताहेत त्या खाऱ्या पाण्यातल्या माशीच्या अळ्या. बाहेरच्या मिठामुळे त्यांच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. ते भरून काढायला अळी तेच खारं पाणी पिते आणि जादा मीठ आतड्याच्या शेवटच्या भागातून बाहेर टाकते. रात्रंदिवस. या खाडीवर याहून मोठं नवल आम्हाला दिसलेलं नाही.

जूनमध्ये सगळं पालटतं. कोकणातला पाऊस तो! काही आठवड्यांत हेच पाणी जवळजवळ गोडं होतं आणि टाचण्या, म्हणजे चतुराचे सडपातळ भाऊबंद, आणि चतुर अंडी घालायला उतरतात. मॅक्रोडिप्लॅक्स कोरा हा चतुर तर मचूळ पाण्यातही वाढतो. थेट ऑस्ट्रेलियापर्यंतच्या किनाऱ्यांवर तो भेटतो.

हा शेकाट्या चोचीने टिपतोय ते हेच किडे, याच अळ्या.

डासही आहेत. क्युलेक्स सिटिएन्स खाऱ्या पाण्यात वाढतो. पण उधाणाबरोबर आत येणारे बारके मासे त्याच्या अळ्या खातात. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती वाढतो घराजवळच्या पिंपांत, टायरांत. त्याच्यासाठी खाजण बुजवायचं काहीच कारण नाही. बांधाआड पाणी कोंडलं की मासे आत येत नाहीत. भराव पडला, तर डबकीही जातात आणि शेकाट्याचं खाणंही.