पत्र्याच्या ट्रंकेतले कागद

आमच्या माहितीपटाच्या सुरुवातीला पडद्यावर दिसणारे हे हेलिकॉप्टर खाडीच्या तोंडावरून दक्षिणेला गेले, तेव्हा वाळूवर जाळी शिवत बसलेल्या माणसांपैकी एकानेही मान वर केली नाही, कारण कोकण किनाऱ्याच्या कानाला हा आवाज फार वर्षांपासून ओळखीचा आहे. १९२८ साली सुरू झालेल्या जुहूच्या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे छोटे विमान घेऊन उतरले होते. आता तेथून मुख्यतः हेलिकॉप्टरे उडतात आणि त्यांतली पुष्कळशी मुंबई हाय या तेलक्षेत्राच्या दिशेने जातात. तेथे, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, भर समुद्रात, १९७४ साली तेल लागले. तेथील फलाटांवर पाळीने जाणाऱ्यांत अभियंते असतात, तसेच वेल्डर, खलाशी आणि भटारखान्यातले आचारीही असतात, आणि त्यांतल्या अनेकांची घरे याच किनाऱ्यावर आहेत. हवाई अपघातात माणूस गेला, तर मागे राहिलेल्या घराने भरपाईचा दावा कसा करायचा, याबद्दलचा हा माहितीपट आहे.

निवडणुका आल्या की आणखी काही हेलिकॉप्टरांची भर पडते. शाळेच्या मैदानावर चुन्याचे वर्तुळ आखले जाते, मधोमध ‘एच’ हे अक्षर काढले जाते आणि धुरळा बसावा म्हणून टँकरने पाणी मारले जाते. ३ मे २०२४ रोजी महाडमध्ये प्रचारासाठी आलेले एक हेलिकॉप्टर उतरता उतरता धुळीच्या लोटात कोसळले. वैमानिक बचावले, ही त्या दिवसाची पुण्याई म्हणायची.

हा डहाणूचा किनारा आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी जुहूहून मुंबई हायकडे निघालेले हेलिकॉप्टर काही मिनिटांतच संपर्काबाहेर गेले आणि डहाणूसमोरच्या समुद्रात पडले. त्यात तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचे ५ अधिकारी आणि २ वैमानिक होते. सातही जण गेले. त्याच दिवशी याच किनाऱ्याजवळ शाळकरी मुलांची नौका उलटली होती, त्यामुळे तटरक्षक दल आणि स्थानिक मच्छीमार एकाच दिवशी दोन ठिकाणी शोध घेत होते. पाण्याकडे पाहत उभी राहिलेली माणसे त्या दिवशीही अशीच दिसत असतील.

समुद्रातल्या अपघाताची एक अडचण जमिनीवरच्या अपघाताला नसते. देह सापडला नाही, तर मृत्यूचा दाखला कशाच्या आधारावर मिळवायचा, हा प्रश्न घरच्यांपुढे उभा राहतो. सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही, तो जिवंत नाही असे गृहीत धरण्याची तरतूद पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होती आणि आता ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. गावात कोणीतरी हा सात वर्षांचा नियम सांगतो आणि कुटुंब हातावर हात ठेवून बसते. प्रत्यक्षात तो नियम जेथे दुसरा पुरावाच नाही तेथे कामी येतो. प्रवाशांच्या यादीत नाव आहे, अवशेष सापडले आहेत, शोधमोहिमेची नोंद आहे, अशा वेळी न्यायालय परिस्थितीवरून आधीही मृत्यू सिद्ध मानू शकते. त्यासाठी अर्ज मात्र करावा लागतो.

आता या खोलीत येऊ. हे घर वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीतल्या वहिनींचे आहे; त्यांचे यजमान हवाई अपघातात गेले. गावाचे आणि माणसांचे नाव घरच्यांच्या इच्छेवरून आम्ही सांगत नाही, अपघाताचा तपशीलही नाही. खाटेखालून ओढून काढलेली ही हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंक यजमानांच्या पहिल्या नोकरीच्या वेळची आहे. तिच्यात सगळ्यांत वर तुळशीच्या लग्नाचे तांबडे वस्त्र आहे आणि त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत कागद आहेत: अकस्मात मृत्यूच्या नोंदीची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, नियुक्तीपत्र, चौदा महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या आणि बँकेचे पासबुक. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स आहेत. ही शिस्त शेजारी बसलेल्या विधी स्वयंसेवक ताईंनी लावली. त्यांच्या हातात आहे तो इंग्रजीतला कागद विमान चालवणाऱ्या कंपनीकडून आला होता आणि त्याच्या तळाशी सहीसाठी जागा रिकामी सोडली होती. तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, “वयनी, माका दाखवल्याशिवाय खयच्याच कागदार सही करू नकात.”

त्या रिकाम्या जागेवर थोडे थांबले पाहिजे. तिकिटावर किंवा करारात आधीच छापलेली ‘आमच्यावर जबाबदारी नाही’ अशी अट १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यापुढे टिकत नाही. ती रद्दबातल ठरते. अपघातानंतर, पैसे घेऊन, ‘पूर्ण व अंतिम समाधान झाले’ असे लिहून दिलेल्या कागदाची गोष्ट वेगळी आहे, कारण तो पुढे कुटुंबाच्याच विरोधात न्यायालयात ठेवला जातो. तातडीच्या खर्चासाठी रक्कम घ्यायला हरकत नाही. ती अंतरिम आहे आणि अंतिम भरपाईतून वजा होईल, एवढे पावतीवर स्पष्ट लिहून घ्यावे.

घरच्यांची दुसरी समजूत चौकशीबद्दलची असते. विमान अपघातांचा तपास २०१२ साली स्थापन झालेला केंद्राचा विमान अपघात अन्वेषण विभाग (एएआयबी) करतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत अपेक्षित असतो. त्यात यंत्राची स्थिती, हवामान, वैमानिकाचे प्रशिक्षण, दुरुस्तीच्या नोंदी असे सारे येते, आणि पुढचा अपघात टळावा हाच त्याचा हेतू असतो. कोणाला दोषी ठरवणे किंवा भरपाईची जबाबदारी निश्चित करणे हे त्या विभागाचे कामच नाही. तरीही कुटुंबे अहवालाची वाट पाहतात, तो लांबतो, आणि तोवर दुसरे घड्याळ चालू असते. हवाई वाहतूक कायद्याखालचा दावा, विमान पोहोचले किंवा पोहोचायला हवे होते त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत दाखल झाला नाही, तर हक्कच संपतो. आम्ही हा माहितीपट करायला घेतला तो याच एका वाक्यासाठी. अहवाल आला नसला तरी दावा दाखल करता येतो आणि अहवाल नंतर मागवता येतो.

देशांतर्गत प्रवासातल्या प्रवाशाचा मृत्यू झाला, तर २०१४ च्या अधिसूचनेनुसार २० लाख रुपयांपर्यंतच्या नुकसानीसाठी वाहतूकदाराची, म्हणजे विमान चालवणाऱ्या कंपनीची, चूक होती हे कुटुंबाला सिद्ध करावे लागत नाही. त्यापुढची रक्कम मागितली, तर आपला निष्काळजीपणा नव्हता हे दाखवण्याचा भार वाहतूकदारावर येतो. म्हणूनच वेतनचिठ्ठ्या मोलाच्या आहेत, कारण गेलेल्या माणसाची मिळकत आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांवरूनच नुकसानीचा हिशेब मांडला जातो. आई-वडील, पत्नी, मुले, भावंडे अशा सर्वांसाठी मिळून एकच दावा चालतो. आई गावात, सून ठाण्यात आणि दोघींत बोलणे बंद, असे घर आम्ही पाहिले आहे. तेथे पहिले सहा महिने दावा कोणी करायचा यावरच गेले. कायद्याने तो भांडणाचा विषय नाही. एकीने दावा केला तरी तो दोघींच्या हितासाठीच असतो.

वैमानिक आणि तंत्रज्ञ हे प्रवासी नसतात. त्यांच्या कुटुंबांची वाट वेगळी आहे, आणि १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने विमानाच्या कप्तानाला व इतर कर्मचाऱ्यांना ‘कर्मचारी’ या व्याख्येतच घेतले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. जमिनीवरच्या माणसाची वाट त्याहून वेगळी. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले किंग एअर विमान घाटकोपरच्या वस्तीत कोसळले, त्यात विमानातले ४ जण गेले आणि रस्त्यावरून चाललेला एक पादचारीही गेला. त्याने तिकीट काढलेले नव्हते की त्याचा कोणाशी करार नव्हता. अशा माणसाच्या वारसांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याचा आधार घ्यावा लागतो, निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि तेथेही मुदत मृत्यूपासून दोनच वर्षांची आहे.

ही इमारत तालुक्याच्या न्यायालयाची आहे आणि व्हरांड्याच्या टोकाची ही खोली तालुका विधी सेवा समितीची. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, मोठ्या आपत्तीतील बळींना आणि औद्योगिक कामगारांनाही मिळतो, आणि इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. वकिलाच्या शुल्काबरोबर कोर्ट फी, टंकलेखन आणि कागदपत्रांच्या भाषांतराचा खर्चही त्यात येतो. इंग्रजी कागदांनी दबलेल्या घरासाठी भाषांतर ही लहान गोष्ट नव्हे. अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो, आणि १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी कोठे जायचे ते सांगितले जाते. अपिलासाठी पूर्वी मुंबईला खेटे घालावे लागत. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) कोल्हापूरला बसू लागले आहे. घाट चढावा लागतो खरा, पण संध्याकाळपर्यंत माणूस घरी परततो.

वहिनींनी अर्जावर केलेली ही सही पाहा. त्यांनी आधी बोटाने ओळ शोधली, चष्मा पुसला आणि पूर्ण नाव लिहिले. लिपिकाने अर्ज दाखल करून घेतला आणि पोच त्यांच्या हातात दिली. मुदत संपायला तेव्हा साडेचार महिने उरले होते. पुढे वकील मिळाला, दावा वेळेत दाखल झाला. मोठ्या मुलाने मात्र त्याआधीच कॉलेज सोडले होते.

घरी आल्यावर त्यांनी ती पोच पिशवीत सगळ्यांत वर ठेवली, ट्रंकेचे झाकण दाबून बसवले आणि ती पुन्हा खाटेखाली सरकवली.