मानदुखीसाठी व्यायाम निवडताना

श्रोतेहो, नमस्कार. मान दुखू लागली की बहुतेक जण ती गोल गोल फिरवतात किंवा डोके एका बाजूला ओढून धरतात. त्याने घटकाभर आराम पडतो; पण महिनोन्महिने रेंगाळलेल्या दुखण्याला तेवढे पुरत नाही. फिनलंडमध्ये जुनी मानदुखी असलेल्या, कार्यालयात काम करणाऱ्या १८० स्त्रियांचा वर्षभराचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मानेची ताकद किंवा दमदारी वाढवणारे व्यायाम केलेल्या दोन्ही गटांचे दुखणे, केवळ ताण देण्याचे आणि चालण्यासारखे व्यायाम करण्याचा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा बरेच अधिक कमी झाले.

याचा अर्थ पहिल्याच दिवशी जोर लावावा असा नाही. मानेच्या पुढच्या बाजूस मणक्यांना लगटून काही खोल स्नायू असतात; दुखणे जुने झाले की ते अनेकांमध्ये मंदावतात आणि वरवरचे स्नायू त्यांचे काम ओढून घेतात. म्हणून आरंभ इथून करावा. उताणे झोपून, डोके न उचलता, होकार द्यावा तशी हनुवटी हलकेच आत घ्यावी, १० सेकंद धरावी आणि सोडावी. असे १० वेळा करावे. गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ताठ उठून दिसले, तर जोर जास्त लागतो आहे असे समजावे. हा व्यायाम इतका सौम्य आहे की आपण काही करत आहोत असे वाटतच नाही, आणि माझ्या मते तो अर्धवट सुटण्याचे कारणही तेच आहे.

त्यानंतर खांद्यांची पाळी. डेन्मार्कमधील १९८ जणांच्या अभ्यासात इलॅस्टिक बँडने हात बाजूला उचलण्याचा व्यायाम रोज केवळ २ मिनिटे केल्यानेही १० आठवड्यांत मान-खांद्याचे दुखणे कमी झाले. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांनी निवड इथून केली तरी चालेल.

दुखणे नुकतेच सुरू झाले असेल, तर सोसेल तेवढी हालचाल चालू ठेवणे हाच व्यायाम. मात्र दुखणे हातात उतरत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर आधी तपासणी करून घ्यावी. चालताना तोल जाणे, हातातून वस्तू निसटणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप, किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे यांपैकी काहीही असल्यास व्यायाम बाजूला ठेवून त्वरित डॉक्टरांकडे जावे.