चाड्यावरची मूठ

(दृश्य : पाथर्डी तालुक्यातलं माळरान, पहाटेची वेळ. लांबवर एक छोटं देऊळ, वर क्रूस. घंटा वाजते. निवेदन पाळकांच्या आवाजात.)

आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. रविवारी सकाळी दहाची उपासना. घंटा साडेनवाला होते, मंडळी सव्वादहाला येतात. शेळ्या सोडायच्या असतात, धारा काढायच्या असतात. सुरुवातीला मी चिडायचो. आता पहिलं गीत जरा लांबवतो.

बावीस वर्षं झाली मला पाळक होऊन. सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेतून आलो तेव्हा बॅगेत उपदेशाच्या वह्या होत्या. दाखले सगळे पुस्तकातले. पहिल्याच महिन्यात मी दीपस्तंभाचा दाखला दिला. वादळ, खवळलेला समुद्र, भरकटलेलं जहाज, सगळं रंगवून सांगितलं. उपासना संपल्यावर एका आजोबांनी हात धरला. म्हणाले, "साहेब, बोललात लई झ्याक. पर ती समुद्रातली दिवाबत्ती कुणाच्या मालकीची व्हती?"

पाथर्डीतून समुद्र दिसत नाही, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

(दृश्य : रब्बीची पेरणी. बैल, पाभर, मागून चालणारी बाई. चाड्यात ज्वारी सोडणारी मूठ जवळून.)

ही मूठ नीट पाहा. पाभरीच्या वर जे लाकडी वाडगं आहे ना, ते चाडं. त्यात मुठीतून दाणे सोडायचे, ते नळ्यांतून सरळ तासात, म्हणजे जमिनीतल्या चरीत उतरतात. मूठ सैल सुटली तर दाट पेरा होतो, आवळली तर विरळ. चाड्यावर मूठ धरणं हे प्रत्येकाचं काम नव्हे.

आणि या माणसांसमोर मी पेरणाऱ्याचा दाखला सांगत होतो. बायबलमधला मत्तयाचा तेरावा अध्याय. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काटेरी झाडांत. वाट म्हणजे काय, खडक म्हणजे काय, मी उलगडून सांगतोय आणि पुढच्या ओळीतला एक शेतकरी मान हलवतोय. नाही-नाही अशी. नंतर विचारलं तर म्हणाला, "आसा कसा ओ हा गडी? मूठभर वाटंवर, मूठभर काट्यात. आमच्यात आसा गडी दुसऱ्या दिवशी कामाला बोलवीत न्हाईत."

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधलं. येशूच्या मुलखात बी हातानं उधळून पेरत. आपल्याकडे मेथी-कोथिंबीर फोकून टाकतात तसं. पुढच्या रविवारी हे सांगितलं, तेव्हा तोच शेतकरी म्हणाला, "मंग बराबर. फोकायचं म्हणल्यावर बी बांधाबाहेर जाणारच. देवाचा हात सढळ दिसतोय." माझ्या वहीत हे वाक्य नव्हतं.

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी मी त्याच्या ओट्यावर जातो. उद्याचा शास्त्रपाठ त्याला वाचून दाखवतो आणि गप्प बसतो. उपदेश तिथे निम्मा होतो. उरलेला निम्मा मी बिघडवतो, असं माझी बायको म्हणते.

(दृश्य : अहिल्यानगर शहर. जुनं चर्च, आतले बाक, पेटीवर एक हात.)

आता नाव अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशननं इथे १८३१ साली काम सुरू केलं. याच नगरात रेव्हरंड नारायण वामन टिळक राहिले. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात बायबलचा नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरलं ते सोडलंच नाही, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इंग्रजी चालीवर बसवलेली गीतं गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग दिले, ओवी दिली. तुकोबांचा हात त्यांनी सोडला नव्हता. आमच्या देवळात आजही पेटी इंग्रजी चालीत अडखळते. टिळकांचं पद आलं की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यासुद्धा टाळ्यांनी ठेका धरतात.

(दृश्य : रात्र. पत्र्याचं घर, सतरंजी, दहाबारा माणसं.)

बुधवारी घरगुती प्रार्थना असते. प्रभूची प्रार्थना त्याच डोंगरावरच्या प्रवचनातली. मराठीत ती किती जवळ आली आहे बघा. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." पाव नाही, भाकर. आणि पुढची ओळ ऋणाची आहे : आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडलं, तशी आमची ऋणं सोड. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे. त्या ओळीला आवाज जरा खाली येतो. मी बावीस वर्षं ऐकतोय.

एका पावसाळ्यात मी शत्रूवर प्रीती करण्याबद्दल उपदेश तयार करत होतो, काही केल्या जमत नव्हता. त्या बुधवारी एका आजींनी तोंड उघडलं. शेजाऱ्यानं त्यांचा बांध कोरलाय. किती वर्षं बोलणं नाही. आजी म्हणाल्या, "प्रभू, त्याच्या कांद्याला भाव दे. त्याच्या पोराचं लगीन व्हऊ दे. आन् बांध कोरायची बुद्धी तेवढी काढून घे."

कुणीतरी हसलं. आजी थांबल्या नाहीत. आधी कांदा, मग लग्न, बांध शेवटी. हा क्रम त्यांनी ठरवून लावला होता की तसाच आला, मला अजून कळलेलं नाही. माझी प्रार्थना तोवर फार नीटनेटकी असायची. "हे दयाळू पित्या" पासून सुरू, मध्ये तीन विनंत्या, शेवटी आमेन. देवाला अर्ज लिहिल्यासारखी. त्या रविवारी मी तयार केलेला उपदेश बाजूला ठेवला आणि आजींना विचारून त्यांची प्रार्थनाच सांगितली. सात मिनिटांत संपली. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. शेजारी देवळात नव्हता, पण गाव लहान आहे.

बांध? अजून कोरलेलाच आहे. तलाठ्याकडे अर्ज पडून आहे.

(दृश्य : आजींचं घर. एकच खोली, मागे गोठा. संध्याकाळ.)

येशूनं सांगितलं, प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे. मी एकदा आजींना म्हटलं, "आजी, तुमच्याकडे एकच खोली, त्यात सात माणसं. तुम्ही दार कुठलं लावता?" त्यांनी बोटानं गोठा दाखवला. धार काढून झाली की त्या तिथेच थोडा वेळ बसतात.

ते चित्रित करावं म्हणून आम्ही परवानगी मागितली. आजींनी चहा पाजला, नातवाचे फोटो दाखवले, बांधही दाखवला. गोठ्याशी मात्र कॅमेऱ्यापुढे हात आडवा धरला.

"इथं नगं. इथं निस्ती म्हस आसती."

(दृश्य : गोठ्याचं दार बाहेरून. आतून चरवी ठेवल्याचा आवाज. मग काहीच नाही.)