मन ढासळतं तेव्हा निर्णय कोणाचा?

आज मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. टेबलाभोवती बसून फासे टाकत, एकेक पात्र होऊन खेळायच्या हॉरर गेममध्ये पात्राचं मन ढासळायला लागलं की त्या क्षणी निर्णय कोणाच्या हातात असतो? सॅनिटीचे, म्हणजे पात्राच्या मानसिक तोलाचे, नियम लिहायला बसलं की आपण लगेच आकड्यांकडे वळतो, किती पॉइंट द्यायचे, काय दिसलं की किती कापायचे, आणि हा प्रश्न तसाच राहून जातो.

हे सगळं सुरू झालं १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ या गेमपासून, सँडी पीटरसनच्या. त्यातला एक नियम मला आजही थक्क करतो. एका झटक्यात ५ किंवा जास्त सॅनिटी गेली की बुद्धीचा रोल करायचा, म्हणजे पात्राच्या बुद्धीच्या आकड्यासमोर फासे टाकायचे, आणि रोल पास झाला तर तुम्ही कोसळता! कारण जे बघितलं ते तुम्हाला नीट उमगलं. नापास झालात तर मन ते दाबून टाकतं आणि तुम्ही वाचता. शिवाय त्या भयानक गोष्टींचं ज्ञान जितकं वाढेल तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा ९९ वरून खाली येते. म्हणजे कळणं हाच धोका, आणि हे कुठल्या लांबलचक वर्णनातून नाही तर थेट नियमातून समजतं.

पण पुढे काय होतं बघा, कीपर, म्हणजे खेळ चालवणारा, परिणामांच्या तक्त्यावर फासा टाकतो आणि सांगतो की तू आता इतके राउंड पळत सुटलास. खेळाडू बसून राहतो. ऐन भीतीच्या वेळी त्याला करायला काहीच नाही, मग भीती वाटणार कशी?

‘अननोन आर्मीज’ या गेमने १९९८ मध्ये हे फार चांगलं सोडवलं. हिंसा, अनैसर्गिक, असहायता, एकटेपणा आणि स्वतःची ओळख अशा पाच प्रकारच्या धक्क्यांसाठी पाच वेगळे मीटर. रोल फसला तर समोरच्यावर तुटून पडायचं, पळायचं की थिजायचं हे खेळाडूच ठरवतो, आणि रोल जमला तर पात्र त्या बाबतीत निबर होतं, तीही किंमतच आहे.

‘डेल्टा ग्रीन’ या गेममधले बॉन्ड, म्हणजे पात्राची जवळच्या माणसांशी असलेली नाती, तर मला सगळ्यात जास्त हलवतात. सॅनिटी जात असताना तुम्ही विलपॉवरचे (मनोबलाचे) पॉइंट खर्चून तो फटका कमी करू शकता, पण तेवढंच तुमचं बायकोशी किंवा मित्राशी असलेलं नातं कमजोर होतं. हा निर्णय घेताना खेळाडू खरंच घुटमळतात, कारण राक्षस पुढच्या सेशनला नसेल पण ते माणूस असणारे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, खऱ्या मानसिक आजारांची नावं लिहून त्यावर फासे टाकायचे तक्ते बनवू नका. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणीतरी तो आजार जगत असू शकतं, आणि तसाही आजार फाशाने दोन मिनिटांत होत नाही. त्याऐवजी वागणं लिहा, म्हणजे हात थरथरतात, दार तीनदा तपासतो, अंधाऱ्या खोलीत जायला नकार देतो. हे खेळायलाही सोपं जातं. आणि कुठले विषय नकोत ते सेशन झिरोलाच, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, विचारून घ्या.

प्लेटेस्ट करताना, म्हणजे आपले नियम खेळून तपासताना, रोल फसल्यावर खेळाडूच्या हातांकडे बघा. पात्राची माहिती लिहिलेली शीट बाजूला सरकवून तो मोबाईल उचलत असेल तर पॉइंट कमीजास्त करत बसू नका, त्या जागी त्याला दोन पर्याय द्या, दोन्ही नुकसानीचे, आणि निवडू द्या.