पिंपळगाव ते न्हावा शेवा : व्यापाराचा अभ्यास

(दृश्य : पॅकहाऊस, सकाळची वेळ)

पिंपळगाव बसवंतच्या या पॅकहाऊसमध्ये डोक्यावर जाळीच्या टोप्या घालून उभे असलेले विद्यार्थी एम. ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचे आहेत. रिकार्डोने १८१७ मध्ये इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाइन घेऊन मांडलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त (जो माल आपल्याला तुलनेने स्वस्तात बनवता येतो तो विकावा, बाकीचा विकत घ्यावा) त्यांनी अनेकदा उत्तरपत्रिकेत लिहिला आहे. थॉम्पसन जातीच्या द्राक्षांचा घड युरोपात कसा पोहोचतो, हे ते आज प्रथमच पाहत आहेत.

टेबलावरच्या ताईंचा हात पाहा. घड देठाने उचलायचा, मण्यांवरचा मेणासारखा पातळ थर पुसला जाऊ नये म्हणून त्यांना बोट लागू द्यायचे नाही, बारीक, डागी आणि तडकलेले मणी कात्रीच्या टोकाने काढायचे आणि मगच तो पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, ठेवायचा. पेटी भरली की ती प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट थंड करायला, जाते आणि बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा कागद आत घालून बंद होते.

आता पेटीवरचा क्रमांक. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने २००६ मध्ये सुरू केलेल्या ग्रेपनेट प्रणालीमुळे या क्रमांकावरून मूळ बाग, तिथून घेतलेला नमुना आणि प्रयोगशाळेचा अहवाल शोधता येतो. हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर युरोपीय संघाच्या उर्वरित अंश मर्यादेत आहे : ज्या कीडनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश एका किलोत ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आयात करणाऱ्या देशाने असे निकष कोणत्या शास्त्रीय आधारावर ठरवावेत, हे जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या स्वच्छता व वनस्पती-आरोग्यविषयक करारात लिहिलेले आहे आणि वर्गात तो जेमतेम एका तासिकेत उरकला जातो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली आणि बागायतदारांना मोठा फटका बसला.

(दृश्य : न्हावा शेवा, रीफर म्हणजे शीत कंटेनरची रांग)

१९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरात विद्यार्थ्यांच्या हाती कागद येतात : ०८०६१० हा ताज्या द्राक्षांचा सांकेतांक, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती. एफओबी (जहाजावर माल चढवेपर्यंतची किंमत) आणि सीआयएफ (विमा व जहाजभाड्यासह किंमत) यांतला फरक इथे जहाजभाड्याच्या बिलावरून समजतो, आणि तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागल्यावर ते भाडे किती चढले, हे सांगायला प्राध्यापकांची गरज पडत नाही.

परकीय गुंतवणूक या दौऱ्यात दिसत नाही. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वाद भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराखालच्या लवादापर्यंत गेला होता, एवढा उल्लेख बसमध्ये होतो.

एका विद्यार्थिनीची शंका मात्र कॅमेऱ्याने टिपली आहे. पुस्तकात पतपत्राचे, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैशांची हमी देण्याचे, प्रकरण मोठे आहे. द्राक्षे तर अनेकदा कन्साइनमेंटवर जातात आणि त्यांचा अंतिम भाव माल तिकडे पोहोचल्यावर ठरतो. मग शिपिंग बिलात, म्हणजे सीमाशुल्क खात्याला द्यायच्या निर्यातीच्या कागदात, किंमत कोणती लिहायची? निर्यातदार सांगतात की आज अंदाजी किंमत जाहीर करायची आणि प्रत्यक्ष विक्रीचे पैसे ठरलेल्या मुदतीत बँकेत आले की हिशेब जुळवायचा. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक देण्याची तरतूद आहे; विद्यापीठाच्या दप्तरी या दौऱ्याची नोंद अजून सहल अशीच आहे.